बंद मशीनचा आलेख

प्रिय साहेब,

अजून ‘प्रिय’ लिहितेय याचं नवल वाटू देऊ नकोस, जुनी सवय आहे. चीफ इंजिनिअरच्या खुर्चीत बसल्यापासून दाढी ठेवलीस म्हणे. बरं केलंस, तोंड लपवायला काहीतरी हवंच.

बाबा तसे बरे आहेत. दर तासाला उठून घरातल्या स्टॅबिलायझरचा काटा बघतात आणि वहीत लिहून ठेवतात. एकतीस वर्षं जलविद्युत केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये रीडिंग घेतलेला माणूस, हात स्वस्थ बसत नाही. फ्रिज काय पळून जाणार आहे का, म्हणून आई चिडवते. ते हसत नाहीत. याच माणसाने तुला जनरेटरच्या पत्र्यावर तळहात ठेवून थरथर ओळखायला शिकवलं. आमच्याकडे जेवताना तू पहिल्यांदा त्यांना ‘बाबा’ म्हणालास, तेव्हा मी लाजून उगाच पाणी आणायला उठले होते. चुलीत गेलं ते लाजणं.

तीन नंबरचं मशीन जळालं त्या दुपारी ड्यूटी बाबांची होती. चौकशीत तू शांतपणे सांगितलंस की मशीन धडधाकट होतं, ग्रीडला जोडताना म्हाताऱ्यांचाच हात चुकला. पुरावा म्हणून आलेख ठेवलास. गुंडाळीच्या इन्सुलेशनमध्ये पडणाऱ्या बारीक ठिणग्या मोजणारा तो आलेख खरोखरच सरळ होता, ठिणग्या नेहमीइतक्याच थोड्या, वाढ कुठेच नाही. बाबांना घरी बसवलं. खरं सांगू, दोन दिवस मीही त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. त्याचा राग मला माझाच येतो, पण काढणार तुझ्यावर.

गेल्या महिन्यात केंद्राचं जुनं रेकॉर्ड रेकॉर्ड विभागातल्या माझ्या टेबलावर आलं. बाबांच्या लॉगबुकात अकरा वेळा लिहिलंय, ‘तीन नंबरचा आवाज बरा नाही, साहेबांना सांगितलं.’ आणि एका पानावर, ‘तीन नंबर नऊ दिवस बंद, पाण्याचं गेट बंद.’ आलेख मात्र त्या नऊ दिवसांतही मजेत चालू. न फिरणाऱ्या मशीनमध्ये ठिणग्या कुठून आल्या रे? मग एक नंबरचा आलेख काढला, तर आकड्याला आकडा जुळला. तीन नंबरची दुरुस्ती तूच करवली होतीस, बढती तोंडावर होती आणि ठिणग्या वाढून इशाऱ्याची घंटा वाजायला लागली होती. म्हणून तीनच्या सेन्सरची केबल काढून तिथे एकची जोडलीस. केसाने गळा कापलास आमचा, पण एवढ्या हुशार माणसाला ते नऊ दिवस आठवले नाहीत.

हे सगळं मी चौकशी समितीला दिलंय आणि सुनावणी पुन्हा लागलीय. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आधी घंटा, मग बंद. त्यालाही आधी कळव.” मशीन बंद करण्याआधी इशारा द्यायचा, हा त्यांचा नेम. तेवढं मोठं मन माझं नाही, पण त्यांना शब्द दिला, म्हणून हे पत्र. फक्त शिपायाला बजावून ठेवलंय, साहेब सुनावणीच्या खोलीत बसले की मगच हातात द्या. म्हणजे आता दार लागलेलं असेल. मान वर कर. समोर बाबा बसलेत, लॉगबुक घेऊन. घंटा उशिरा वाजली की काय होतं, ते त्यांना विचार.

एके काळची तुझीच,
मशीन जाळणाऱ्याची मुलगी
(हे नाव कॅन्टीनमध्ये तूच पाडलंस ना?)