चिकोंडीची मावशी

मंगळवार, ९ जानेवारी
पुन्हा तोच इंग्लिश बोलायचा वर्ग! अमेय लायब्ररीच्या दारात सोडून गेला. "आई, दोन तास चार लोकांशी बोल, बरं वाटेल." चार लोक कुठले? एक चिनी आजोबा, ते माझ्याहून कमी बोलतात. एक बाई सारखी फोनवर. आणि मी. अमेरिकेत, ईडन प्रेरीत येऊन दीड वर्ष झालं, शेजारणीचं नाव अजून माहीत नाही.

आज शिकवायला नवी पोरगी आली. कॉलेजात शिकते, इथं व्हॉलंटियर. किडकिडीत, उंच, हसली की दातांतली फट दिसते. नाव चिकोंडी, आफ्रिकेतल्या मलावी देशातली. माझी जोडी तिच्याशीच लावली. म्हणाली, तुम्हाला गोगो म्हणू का? त्यांच्याकडे गोगो म्हणजे आजी. म्हटलं, म्हण बाई! माझी सख्खी नात रुही तर येता-जाता नुसतं "हाय" म्हणते.

शुक्रवार, १२ जानेवारी
दिवसभर घरात कुणी नाही. डिशवॉशर लावला की जरा आवाज होतो, म्हणून दोन कपांसाठी लावला. सून आश्लेषा घरी आल्यावर – "अहो आई, दोन कपांसाठी?" काय सांगणार तिला!

मंगळवार, १६ जानेवारी
कालची संक्रांत, म्हणून तिळगूळ नेला. शिवाय पिठलं-भाकरीचा डबा. चिकोंडीनं चमचा बाजूला सारला आणि हातानं खाल्लं! या देशात माझ्यासमोर हातानं जेवणारी पहिली परकी. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचं घट्ट काहीतरी करतात, ते असंच मोडून खातात म्हणे. डबा चाटूनपुसून साफ. मला इतका आनंद झाला की वेड्यासारखं रडू आलं. तिला सांगितलं, मिरची लागली.

मंगळवार, २३ जानेवारी
विचारायला नको होतं.

वर्गात धडा होता, "माझं कुटुंब". मी अमेय, आश्लेषा, रुही सांगून मोकळी झाले. ती म्हणाली, आई-वडील लहानपणीच गेले, मावशीनं वाढवलं. पंधराव्या वर्षी मावशीनं लग्न ठरवलं. गावातला दुकानदार, आधीच्या दोन बायका, वय म्हणे वडिलांपेक्षा जास्त. ही शेतातून तशीच निघाली, दोन दिवस चालत मिशनच्या शाळेत पोचली. तिथल्या बाईंनी ठेवून घेतलं, शिकवलं, इथली स्कॉलरशिप मिळवून दिली. आता इथंच राहू द्या म्हणून सरकारकडे केस चालू आहे.

"तुमच्याकडे असं होतं का, गोगो?"

मी "नो नो" म्हणाले! जीभ कशी झडली नाही माझी?

बुधवार, २४ जानेवारी
शालन. शालन. शालन. किती वर्षांनी हे नाव लिहितेय.

माझ्या थोरल्या दिरांची पोर. दीर-जाऊ वर्षाच्या आत पाठोपाठ गेले, मग ती आमच्याकडेच. दहावीला होती. ह्यांनी बिजवर शोधला, चाळीस वर्षांचा, पदरी दोन मुलं. शालन विट्याला तिच्या शाळेतल्या बाईंच्या घरी पळून गेली. हे म्हणाले, मी गेलो तर ती येणार नाही, तू जा. तुझं ऐकेल ती. मी गेले.

पुढचं आज लिहवत नाही.

मंगळवार, ३० जानेवारी
चिकोंडीला मावशीचे फोन येतात, शेजाऱ्याच्या व्हॉट्सॲपवरून. मावशी म्हणते, दुकानदार मेला, लग्नाचं सगळं संपलं, आता भीती नाही. मी आजारी आहे, एकदा येऊन तोंड दाखव. चर्चची माणसं तिकीट काढून देतायत, २४ फेब्रुवारीचं. वकीलबाई म्हणतात, देश सोडलास तर केस संपली, परत येणं विसर.

"पण माझं दुसरं आहे कोण, गोगो? जाऊ ना?"

म्हटलं, थिंक. जस्ट थिंक.

रविवार, ४ फेब्रुवारी
अमेयच्या मित्रांकडे जेवण होतं. सगळे शाळा, व्हिसा, घरांचे भाव. मी सोफ्यावर शोभेची. "काकू, तुम्हाला इथे बोअर नाही ना होत?" – आणि उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही.

चिकोंडीनं जाऊ नये असं वाटतं, ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? ती गेली तर मंगळवारी मी कुणाशी बोलू? स्वतःचीच लाज वाटते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
सांगितलं. सगळं सांगितलं.

तिचं जायचं पक्कं झालं होतं. चेहरा नुसता फुललेला. का, तर मावशीनं काल शपथ घेतली! "माझ्या मुलाची शपथ, खोटं असेल तर तो मरेल." गोगो, स्वतःच्या मुलावर कुणी खोटी शपथ घेतं का?

घेतं. मी घेतली होती.

विट्याला बाईंच्या ओट्यावर उभी राहून शालनला म्हणाले होते – लग्न मोडलं, घरी चल, परीक्षा दे. तिनं एवढंच विचारलं, "काकी, शपथ?" अमेय माझ्या कडेवर, चार वर्षांचा. त्याच्या डोक्यावर हात ठेवला मी! पोर लगेच चपला घालून निघाली. एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दारात मांडव बघितला तेव्हाही ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. हळद मीच लावली.

हे सांगायला माझ्याकडे इंग्लिश कुठलं! म्हणाले, "आय टेल लाय. सेम लाय. माय सन हेड, माय हँड. शी बिलीव्ह. डोन्ट गो." चिकोंडीला आधी कळेना. मग कळलं. तिनं हळूच माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. जॅकेट घेतलं आणि निघून गेली. डबा तसाच राहिला.

अमेय गाडीत म्हणाला, "काय झालं? रडलीस का?" त्याच्या डोक्याकडे बघवेना मला. त्याला साधा ताप आला तरी इतकी वर्षं माझं काय होतं, त्याला काय माहीत!

मंगळवार, १३ फेब्रुवारी
आली नाही. मला चिनी आजोबांबरोबर बसवलं. त्यांनी मला बर्फाचे सहा शब्द शिकवले.

शनिवार, १७ फेब्रुवारी
मेसेज केला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी
नाही आली. डबा नेला होता, परत आणला. कचऱ्यात टाकवेना, उभ्या उभ्या मीच खाल्ला.

शनिवार, २४ फेब्रुवारी
आज तिचं विमान. सकाळपासून खिडकीत. इथून विमानं दिसतात, प्रत्येकाला हात जोडले. रुहीनं विचारलं, "आजी, हू आर यू प्रेइंग टू?" म्हटलं, पायलटला. ती खदखदून हसली. तिच्याशी एवढंसं बोलले तरी बरं वाटलं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी
आली!! गेलीच नव्हती!

दारातूनच "गोगो!" मी उठून उभी, खुर्ची पडली, सगळी लायब्ररी बघायला लागली – बघा म्हटलं! तिनं तिकीट कॅन्सल केलं. मावशीला म्हणाली, मला सगळं कळलंय, पुन्हा फोन करू नकोस. नंबर ब्लॉक केला. मला म्हणाली, तुझा खूप राग आला होता, अजून आहे. पण माझ्या मावशीनं जे कधी कबूल केलं नसतं, ते तू केलंस.

मग विचारलं, शालन कुठे असते? इचलकरंजीला. फोन केलास कधी? म्हटलं, ती उचलायची नाही. चिकोंडीनं भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली.

एक तरी वाचवली मी. देवा, एक तरी! आज पोटभर जेवले. आश्लेषानं विचारलं, आई, आज काय विशेष? म्हटलं, भूक लागली होती ना!

मंगळवार, ५ मार्च
चिकोंडीची मावशी रविवारी गेली. पोटात गाठ होती. मिशनच्या बाईंनी स्वतः फोन करून कळवलं. दुकानदार दोन वर्षांपूर्वीच मेला होता, हेही त्या म्हणाल्या.

मावशी खरं बोलत होती.