अखाजीच्या डावात गेलेलं झाड

वडनेर भोलजी,
अखाजीनंतरचा बुधवार

तीर्थरूप वामनकाकाजींच्या चरणी पुतण्या राजकुमारचा दंडवत. इकडं सारे खुशाल आहेत (एक गोष्ट सोडून). तिकडं दुसरबीडले तुमचा गुडघा जिना चढू देतो का, ते कळवा.

काकाजी, वाईट बातमी आधी सांगून टाकतो. तीन पत्तीत मी आंब्याचं झाड हरलो. म्हणजे झाड उभंच आहे, पण यंदाच्या साऱ्या कैऱ्या गेल्या, अन् त्यांच्यासंगं वर्षभराचं लोणचं. योगिनी तेव्हापासून मले फक्त 'पोळी पाहिजे का' एवढंच विचारून राह्यली.

पत्ते मी तुमच्याच हाताखाली शिकलो. आपल्या ओट्यावरचा नियम म्हणजे एका चालीले एक कैरी (जास्त लावणाऱ्याले तुम्ही उठवून देत होते). त्यात मी कधी मोठा हरलो नाही, म्हणून अखाजीच्या सणाले धाड गावी, सासुरवाडीत, छाती काढून बसलो. तिथं कशालेच मर्यादा नाही. टोपलं लावा, पोतं लावा, कोणी हूं की चूं करत नाही. समोर योगिनीची आत्या सोजराबाई, गालात सुपारी धरून (दात दोनच, पण सुपारी सुटत नाही). पहिल्याच डावात मले तीन गुलाम आले. सवयीनं मी एकच कैरी सरकवली. बाकीच्यांनी हसत हसत एकेक टाकली अन् पत्ते ठेवले. तीन गुलामांवर जे जिंकलो, त्यात घरच्यांपुरतं पन्हंही झालं नसतं. दुसऱ्या डावात हाती चांगला कलर होता, तर आत्यानं सरळ टोपलं लोटलं. आपल्याकडं थाप कोण मारते? एक कैरी टाकली की समोरचा उघडा पडते. मले वाटलं, म्हातारी खरं खेळून राह्यली. मी पत्ते टाकले. तिनं आपले दाखवले: सत्ता, चौका, दुर्री. वरून म्हणते, "काऊन भेले, जावई?"

इथं माझं डोकं फिरलं. तिसऱ्या डावात एक्क्यांची जोडी आली. आपल्या ओट्यावर एवढ्यावर माणूस दिवस काढते. आत्यानं पोतं लावलं, मीही लावलं (सासऱ्याकडून उसनं). मग तिनं विहिरीवरचं झाडच लावलं. तिचे पत्ते पाहायचे तर तेवढंच लावावं लागे, अन् पाहिल्याबिगर उठायची मले सवय नाही. योगिनी मागून सदरा ओढत होती. ही थापच आहे, एकदा फसलो, आता नाही, असं म्हणून मीही झाड लावलं. तिच्या हातात तीन दुर्र्या निघाल्या. खोटं काऊन बोलू, डोळ्यात पाणी आलं. परतीच्या जीपमध्ये योगिनीनं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

बाकी ठीक. लहान-मोठ्यांना यथायोग्य.

तुमचा,
राजकुमार

ता. क. झाड कोणतं, ते लिहायचं राह्यलं. शेताच्या धुऱ्यावरच्या माझ्या झाडाले यंदा मोहरच टिकला नाही, म्हणून आत्यानं ते घेतलं नाही. मग शेजारचं लावलं. म्हणजे तुमच्या वाट्याचं, काकू ज्याचं लोणचं घालतात ते. रविवारी आत्याचा पोरगा शेषराव कैऱ्या तोडायले येईल. तोवर ऊन लय आहे असं सांगून काकूले तिकडंच ठेवा. त्यांना कळू देऊ नका, एवढ्यासाठीच हे पत्र. फोन त्याच उचलतात.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवताना योगिनी तोंड उघडून बोलली, की सोमवारी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं अन् पट्टी निघेपर्यंत तुम्हाले सारं काकूच वाचून दाखवतात. दुसरा कागद घरात नाही.

काकू, पाया पडतो.