शेजार नसलेलं सूर्यफूल

९ मार्च, संध्याकाळ
सापडलं! संशोधन केंद्रातल्या माझ्या प्लॉटच्या टोकाला, ट्रॅक्टर वळतो तिथे. एकटंच उभं. फूल ताटाएवढं, बाकीच्यांची बशीएवढी. लगेच फुलावर कापडी पिशवी बांधली, परका पराग नको. बाबांनी नोकरीत सूर्यफुलाचे तीन वाण दिले, तेही नुसत्या नजरेने झाडं निवडून. ती नजर माझ्यात उतरली आहे, हे आज सिद्ध झालं. मी एकुलता एक. वाटेकरीच नाही.
संकल्प: बाबांना इतक्यात सांगायचं नाही.

९ मार्च, जेवणानंतर
सांगितलं. बाबांनी विचारलं, शेजारची रोपं कशी होती? म्हटलं, शेजारी कुणी नव्हतंच, सगळी ट्रॅक्टरखाली गेली. बाबांनी डोळे मिटले. वय झालं. भोवतालचे सगळे मेले तरी जो उभा राहतो तोच खरा दणकट, एवढंही कळू नये?
बायको म्हणाली, या घरात शेजारी कुणी नसतं तर मीही अशीच फोफावले असते. तिला विज्ञानातलं काही कळत नाही.

२२ मार्च
ऑफिसातली नवी ज्युनिअर म्हणते, साहेब, एका झाडावरून हेरिटॅबिलिटी, म्हणजे गुण पुढच्या पिढीत किती उतरेल ते, कसं कळणार? त्याला जागा, खत, पाणी सगळं एकट्याला मिळालं. गुण बियाण्याचा किती आणि जागेचा किती, ते बी परत पेरल्यावरच दिसेल. मी हसून सांगितलं, बाई गं, ज्यांना नजर नसते त्यांना आकडेमोड लागते. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

१८ एप्रिल
काढणी. बी टपोरं. वाणाला माझंच नाव द्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, बाबांचं द्या, निदान कुणी विकत तरी घेईल. तिच्याशी बोलणं बंद.
चहा हवा होता म्हणून चालू.
उद्यापासून पहाटे धावणे.

१९ एप्रिल
बूट सापडले नाहीत.

२ जुलै
ज्युनिअरच्या हट्टापायी प्रमुखांनी माझं बी चार ठिकाणी पेरायला लावलं, तेही दोन झाडांत नेहमीचंच अंतर ठेवून. जोडीला तिने निवडलेल्या झाडाचं बी, आणि तुलनेसाठी बाबांचा तीस वर्षांपूर्वीचा वाण. बिचारे बाबा! मुलाच्याच हातून हार. घरी येऊन समजावलं, निकाल मनाला लावून घेऊ नका. म्हणाले, ते मी तुझ्या पहिल्या प्रगतिपुस्तकापासून सोडलंय.
म्हणजे मन घट्ट आहे. तेही माझ्यात आलंय.

१४ सप्टेंबर
फुलं आली. बशीएवढी. काही बशीहून लहान.
कारणं: खत कमी. मजूर बेफिकीर. शेजारच्या ओळी माझ्या झाडांच्या तोंडचा घास पळवतात. ज्युनिअर म्हणाली, साहेब, शेजार सगळ्यांनाच आहे. हिला मोठ्यांशी बोलायचं वळण नाही. घरचेच संस्कार कमी, दुसरं काय.
संकल्प: शांत राहणे.

१५ सप्टेंबर
राहिलो नाही.

२१ ऑक्टोबर
निकाल. बाबांचा वाण दुसरा. ज्युनिअरची निवड पहिली. माझं नाव यादीत शोधताना वरून सुरुवात केली, हीच चूक. चारही ठिकाणी शेवटचा. त्या मोठ्या फुलातलं पुढच्या पिढीत काहीच उतरलं नाही. प्रमुख भर मीटिंगमध्ये म्हणाले, यंदा नवा वाण राहू द्या, शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टरच रिलीज करू. सगळे हसले. मीही हसलो, सर्वांत शेवटपर्यंत. खिलाडूवृत्ती लागते.
माझा प्लॉट ज्युनिअरकडे. मला बियाण्याचं कोठार. मोठी जबाबदारी आहे, उंदीर फार.

२२ ऑक्टोबर
ज्युनिअर बाबांच्या पाया पडायला घरी आली. बाबा तिच्याशी दोन तास बोलले. मध्ये हसलेसुद्धा. बाबांना दात आहेत हे विसरलो होतो.
ती गेल्यावर सरळ विचारलं. बाबा, तुमची नजर थोडी तरी माझ्यात आली ना?
बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, झाडाला पाहतात तसं. म्हणाले, नजर नाही आली. चष्म्याचा नंबर आला. मग म्हणाले, तुझ्याही शेजारी कुणी नव्हतं रे. खत, पाणी, ऊन, सगळं तुला एकट्याला. त्या सूर्यफुलाने निदान फूल तरी मोठं काढलं.
आत बायकोच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला.
बाबा म्हणाले, तुझा दोष नाही. एकाच झाडावर भिस्त ठेवली, चूक माझी.
आणि झोपायला गेले.
बायको बाहेर आली, माझ्याजवळ बसली. तिला वाटलं मी खचलो. बायकांना मुद्दा कळत नाही. बाबांनी आजवर कुणापुढे, अगदी आईपुढेही, स्वतःची चूक कबूल केली नव्हती.
माझ्यापुढे केली.