विशेषणाविना दोन नावे

मी, दुर्गा महादू परब, वय वर्षे ७७, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार कट्टा गावाजवळील वरची वाडी, तालुका मालवण, आज हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे साथ देत नाहीत, पण बुद्धी जागेवर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणू पाहणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवले आहे. यापूर्वी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घराचा पूर्वेकडील अर्धा भाग वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिला. तो, परसातल्या माडांसह, माझा पुतण्या विनीत आणि माझा चुलतभाऊ शंकर याची मुलगी स्वप्ना यांना समाईक मिळावा. विनीत मुंबईत असतो, स्वप्ना नांदगावला. गेली दोन वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण कलम ४ मध्ये आहे.

२. बँकेतील ठेव दोघांत निम्मी वाटावी. आईच्या पाटल्या विनीतच्या मुलीला, गौरजाला द्याव्या.

३. युरोपचा कापडी नकाशा माझी विद्यार्थिनी प्राजक्ता हिला द्यावा. ती आता माझ्याच शाळेत इतिहास शिकवते. पाठ्यपुस्तकात महायुद्धात लढलेल्या आपल्या माणसांना एक ओळ मिळते. मी नकाशा टांगून इटलीवर छडी ठेवायचे आणि सांगायचे, इथे माझे वडील लढले. मग जर्मनीवर ठेवायचे, इथे माझे काका होते. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून, 'घरच्या भानगडी वर्गात नकोत,' असे बजावले होते. ते मी ऐकले नाही. प्राजक्तानेही ऐकू नये.

४. आता मूळ गोष्ट. माझे वडील महादू आणि काका शिवा दोघेही दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत भरती झाले. वडील इटलीत जखमी झाले, त्यांचा डावा पाय कायमचा अधू झाला. काका त्याआधीच आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, आणि जर्मनीत कैदेत असताना तिथल्या, जर्मन गणवेशातल्या आझाद हिंद फौजेत सामील झाले. युद्ध संपल्यावर काका घरी आले, त्या दिवशी अंगणात जे झाले ते आईने मला अनेकदा सांगितले आहे.

वडील म्हणाले, "मी थंय मरत होतंय आणि तू तेंचे कपडे घालून फिरत होतंस?"

काका म्हणाले, "तुजे कपडे तरी कोणाचे रे? आयशीन शिवलेले?"

दुसऱ्याच आठवड्यात घरात मधोमध भिंत उभी राहिली. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे दोघे भाऊ एकाच विहिरीचे पाणी प्यायले, पण बोलले नाहीत. सुरुवातीला गाव वडिलांना मान देई आणि काकांना फितूर म्हणे. मग वारे फिरले. १९७२ साली काकांना स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला आणि वडील 'गोऱ्यांचे चाकर' झाले. माणसे तीच होती, त्यांनी नवे काहीच केले नव्हते.

त्या पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत काकांचा सत्कार झाला. मी नुकतीच नोकरीला लागले होते. वडील मागच्या बाकावर बसले होते. तालुक्याहून आलेले पाहुणे भाषणात म्हणाले, "काही जण देशासाठी लढले, तर काही जण इंग्रजांच्या भाकरीसाठी." वडील उठले आणि पाय ओढत फाटकाबाहेर गेले. काकांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि माईक हातात घेतला.

"तो माजो भाव आसा. आमी दोगय भाकरीसाठीच गेलंव. घरात खावक नाय होता. एकाच दिसा, एकाच रांगेत हुबे रवलंव. फुडचा कोणाच्या हातात होता?"

एवढे बोलून ते खाली उतरले.

संध्याकाळी मी वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "खरांच तसा बोललो तो?"

"होय, बाबा."

"रांगेत तो माज्या फुडे होतो," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतरही भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांचाही स्वभाव आडमुठा. पण काका गेले तेव्हा वडिलांनी तिरडीला खांदा दिला आणि त्या पायाने स्मशानापर्यंत खांदा बदलू दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी वाडीत स्मरणशिळा बसवायचे ठरले आणि त्यावरूनच विनीत-स्वप्नाचे बिनसले. विनीतला तीवर फक्त आजोबांचे नाव हवे, 'शूर सैनिक' म्हणून. स्वप्नाला फक्त तिच्या आजोबांचे, 'स्वातंत्र्यसैनिक' म्हणून. म्हणून मी सांगते: शिळा माझ्या परसात, रस्त्याच्या कडेला बसवावी. वर लिहावे: 'शिवा परब. महादू परब. सख्खे भाऊ. युद्धावर गेले आणि परत आले.' रांगेतला क्रम पाळावा. विशेषणे लावायची हौस असेल त्यांनी ती आपल्या घरात लावावीत. दोघांपैकी जो कोणी यातले एक नाव खोडेल, त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल.

५. माझ्या बाराव्याला भाषणे करू नयेत.

खुलासा: कलम ४ मध्ये 'शरण गेले' हे शब्द खोडून 'पकडले गेले' असे केले आहे. साक्षीदार शंकर हा शिवाकाकांचा मुलगा. तो मसुदा वाचून सही करीना. म्हणाला, "तो शरण नाय गेलो. गोळ्यो संपल्यो."

"तुका कोणी सांगल्यान?"

"बापाशीन."

माझ्या वडिलांनी मला उलटे सांगितले होते. पण ते त्या वाळवंटात नव्हते; मीही नव्हते, शंकरही नव्हता. इतकी वर्षे इतिहास शिकवून मला एवढे कळते की इथे माझ्याकडे पुरावा नाही. मी शब्द खोडला. शंकरने चष्मा पुसला, दुरुस्ती पुन्हा एकदा वाचली आणि सही केली. खाडाखोडीवर आम्हा दोघांची सही आहे.

लिहून देणार: दुर्गा महादू परब (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. या मृत्युपत्राने आम्हांस काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. शंकर शिवा परब (सही)
२. नर्मदा विठ्ठल गावडे, शेजारीण (सही)

स्थळ: वरची वाडी, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५