आत्यांना काय सांगायचं

सोम. ३ नोव्हें.
वकीलबाईंकडे गेलो, मी आणि संदीप, एकाच गाडीवर. परस्परसंमतीचा घटस्फोट, त्यामुळे भांडण नाही, नुसते कागद. लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, आधारकार्डं. बाईंनी विचारलं, "वर्षभर वेगळे राहताय ना?" घर एकच, खोल्या दोन. "मग नवरा-बायको म्हणून संबंध नाहीत, असं लिहू?" टाइप करणारा माणूस मान वर करून बघत होता. संदीप म्हणाला, "व्हय." मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

गुरु. ६
कोर्टात, कागद दाखवायला. घरी सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, यातलं काहीच माहीत नाही. सांगितलं, वाडीला दत्ताला जातोय. आत्यांना वाटलं नातवासाठी नवस. नारळ दिला. "जोडीनं फोडा." नारळ अजून डिकीत. येताना संदीपनं महाद्वार रोडला पेढे घेतले. आत्यांनी प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्ले. मला जेवण गेलं नाही.

रवि. ९
शेजारच्या शोभाकाकूंनी गुरुवारी आम्हाला कोर्टाच्या दारात बघितलंय. आज गिरणीत, चारचौघींत, "कोर्टात काय गं काम काढलं?" तोंडाला आलं ते बोलले, कागलच्या जमिनीचं. ती जमीन आत्यांच्या नावावर. असं का बोलले मी? संदीप म्हणतो, बरं केलंस. कसलं बरं.

मंगळ. ११
आत्या धड बोलत नाहीत. खोली झाडायला गेले तर उशीवर हात ठेवून उठून बसल्या. खाली सातबारा.

गुरु. १३
संध्याकाळी भाकरी करत होते. संदीप आला नव्हता. आत्या दारात येऊन उभ्या.
"शोभी सांगत हुती. मी जित्ती असताना माझं नाव काढाय लागलाय व्हय गं? मागितली असती तर दिली न्हवती व्हय?"
एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आणि आज इतकं बारीक बोलली.
म्हणाले, "तुमचं न्हवं, आत्या. माझं नाव काढाय लागलोय."
लगेच कळलं नाही त्यांना. मग कळलं. भाकरी करपायला लागलेली, त्यांनीच उतरवली.
"संद्याला म्हाईत हाय?"
हसू की रडू. मान हलवली फक्त.

शुक्र. १४
सोमवारी कोर्टात अर्जावर सह्या. आत्या आज कुणावरच ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज. चहा देताना संदीपला म्हणाल्या, "सोमवारी मी बी येणार."
"तुझं काय काम तिथं?"
आत्या कपाटातून ठेवणीतलं पातळ काढून निऱ्या नीट करत बसल्या. कुणाच्या बाजूनं येणार, विचारायचं धाडस मला झालं नाही.