रिकामी चौकट

प्रिय ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू सांगितलंस तसं वाचून लगेच जाळलं, राख मोरीत सोडली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. आईला काही कळलेलं नाही. तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होतीस, बाजारातल्या दुकानामागे राहणाऱ्या त्या बाईचा पत्ता. पत्ता मला ठाऊक आहे. मी तो देणार नाही. रागावू नकोस, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून घराबाहेर पाऊल टाकू नकोस. दोन लेकरं सांभाळून, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून, आता तिसरं झेपणार नाही, हे तू मला दीड पान भरून समजावलंस. त्या दीड पानाचंच मला वाईट वाटलं. माझ्यापुढे कसली कारणं द्यायची? मी काय भावोजी आहे?

मी अजून सरकारी दवाखान्याच्या कपड्यांच्या कोठारात चादरी मोजतो असं तुला वाटतंय. गेले सात महिने मी बायकांच्या विभागाच्या खिडकीवर आहे. नोकरी कायम झाली की एकदम सांगायचं असं मनात होतं, म्हणून लिहिलं नाही. नववीतून शाळा सुटलेल्या पोराला खिडकी मिळाली म्हणून इथे बऱ्याच जणांच्या पोटात दुखतं. पण हेडक्लार्कसाहेबांनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, हा पोरगा चालेल. त्याचं श्रेय तुझं. चुकलेला शब्द तू मला दहादा लिहायला लावायचीस आणि अकराव्यांदा विचारायचीस, आता झोपेत तरी चुकशील का रे? नाही चुकत. इथे मला सगळे ‘काना-मात्रा’ म्हणतात. वॉर्डबॉय येता-जाता ओरडतो, काय काना-मात्रा, आज कुणाची वेलांटी पकडली? मी हसतो. पण खरं सांगतो, कागदावर काही राहून गेलं की मला चैन पडत नाही. घरी गेल्यावरही तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही.

गर्भ काढायला येणाऱ्या बाईचा अर्ज निळ्या कागदावर असतो, दोन पानी. ती खिडकीतून आत सरकवते, मी वाचतो, सगळं भरलेलं असलं तर शिक्का मारून आत पाठवतो. दुसऱ्या पानावर खाली, उजव्या कोपऱ्यात, ‘पतीची सही’ अशी चौकट आहे. ती रिकामी दिसली की मी अर्ज परत करायचो. मला तसं कुणी शिकवलं नव्हतं. छापलेली चौकट आहे म्हणजे ती भरायची, एवढंच मला कळत होतं. परत केलेल्या अर्जांची मी एक वेगळी वहीही ठेवली होती, तारीखवार, लाल शाईने रेघा आखून. वहीत सात बायका झाल्या. त्यांतली एकही पुन्हा आली नाही. आणि ताई, मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट महिन्याच्या शेवटी एकही अर्धवट अर्ज शिल्लक नाही म्हणून मी खूश होतो.

आठवी बाई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्री करायची. दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग, जेवणाच्या सुट्टीत धावत आलेली, कपाळावर घाम. मी चौकटीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, अहो साहेब, त्याला कळलं तर तो सही नाही करणार, माझी हाडं मोडेल. मी म्हणालो, रिकामी चौकट आत जात नाही. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, मान वर करून बोलता यावं म्हणून. ती हसली. म्हणाली, बरं बाबा, बसा तुमची चौकट कवटाळून. मागची बाई खुदकन हसली. मी मान खाली घालून वहीत आठवी ओळ लिहिली.

अकराव्या दिवशी तिला भाजीच्या हातगाडीवर घालून आणलं. शेजारणीने आणलं, नवऱ्याने नाही. मी खिडकीत होतो. आधी वास आला. सगळा व्हरांडा त्या वासाने भरला, बाकावरच्या बायका नाकाला पदर लावून उठून गेल्या. तिला मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही, हातांवरच्या डागांवरून ओळखलं. ती तुझ्या त्या बाईकडे गेली होती. त्या बाईला इथे ‘मोकळीवाली’ म्हणतात, नावच असं गोड आहे. तिने काय वापरलं ते डॉक्टरीणबाईंनी ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. मी ते पाहिलं. कशाचं होतं ते तुला सांगत नाही, कारण ती वस्तू तुझ्या स्वयंपाकघरातही असेल आणि तुला ती रोज हातात घ्यावी लागेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचा मृत्यूचा कागदही मीच भरला. एकही चौकट रिकामी राहिली नाही.

तिच्या पिशवीत निळा अर्ज निघाला. चार घड्या घातलेला, सगळा भरलेला, आणि कोपऱ्यातली ती चौकट तशीच. डॉक्टरीणबाई तो घेऊन खिडकीवर आल्या. त्यांना वाटलं अर्ज कुठेतरी हरवला असेल. मी वही उघडून दाखवली, ओळ क्रमांक आठ. त्या वाचत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, अरे, नवऱ्याची सही कायद्यातून कधीच काढून टाकली आहे. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. हे अर्ज जुने आहेत. नवे छापून आले होते, पण कोठारात जुन्यांचे गठ्ठे पडून होते, आणि हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं की आधी जुने संपवायचे. माझ्या आधीचा कारकून त्या चौकटीवर पेनाने आडवी रेघ मारून मगच अर्ज बाईच्या हातात द्यायचा. तो निवृत्त झाला. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. चौकट दिसत होती ना, मग विचारायचं काय?

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. तुझ्या शेजारणीने तुला सांगितलं, सरकारी दवाखान्यात जाऊ नकोस, तिथला खिडकीवरचा मेला नवऱ्याच्या सहीशिवाय कागदाला हात लावत नाही. ताई, तो मेला मी. नाव-गाव ताडून पाहिलं, तुझी शेजारीण माझ्या वहीत पाचवी आहे. ती बरी आहे असं तू लिहिलंस, नुसती कंबर धरून चालते म्हणालीस. 

रस्त्यावर काय चाललंय ते तू बातम्यांत पाहत असशील. हा कायदा ठेवायचा की काढायचा यावर वरच्या सभागृहात वाद चालू आहे, म्हणून फाटकाबाहेर दोन कळप येऊन बसलेत. एकांच्या फलकांवर बाळाचे पाय, दुसऱ्यांच्या फलकांवर मुठी. इस्त्रीवाली गेल्याचं कळलं तशी दोन्हीकडे तरतरी आली. एकीकडचा माणूस भोंग्यावरून म्हणाला, पापाचं फळ मिळालं. त्यांना अडवायलाच हवं, असं मी मनात म्हणतोय तोवर दुसरीकडची चष्मेवाली बाई खिडकीशी आली आणि विचारू लागली, तिचा फोटो आहे का हो, जरा हसरा असला तर बरं. मी म्हणालो, नाही. तिच्या फलकावरच्या मागणीशी माझं भांडण नाही, ती मागणी मला बरोबरच वाटते. पण कायदा आमच्याकडे होता, बाई. कपाटात होता, शिक्क्यासकट. त्याच्यावर मी बसलो होतो. हे मी बोललो नाही. तिच्या हातातल्या बिस्किटाचा चुरा खिडकीच्या फळीवर पडला होता, तो पुसत राहिलो.

काल हेडक्लार्कसाहेबांनी आत बोलावलं. चहा मागवला. मला आजवर त्यांनी कधी बस म्हटलं नव्हतं, काल खुर्ची ओढून दिली. म्हणाले, चौकशी लागली आहे, शुक्रवारी लेखी द्यायचं. घाबरू नकोस, मी सांगतो ते लिही. अर्ज अपुरा असल्याचं सांगण्यापूर्वीच बाई स्वतःहून निघून गेली. तुझं अक्षर छान आहे, एका पानात बसव. महिनाअखेरीस तुझं कायम करण्याचं पत्र काढतो. आणि ती वही कुठे आहे रे? हे सगळं ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले. त्या हाताची किळस आलीच, पण खरी किळस पुढची आहे. क्षणभर मला बरं वाटलं. चहा गोड लागला. तो मी संपवला, ताई, तळाशी राहिलेल्या साखरेसकट.

वही मी त्यांना दिली नाही. डॉक्टरीणबाईंच्या कपाटात ठेवली आहे. माझं पान लिहून झालं आहे, पहिलीच ओळ अशी: ‘मी तिला परत पाठवलं.’ कोठारातल्या गठ्ठ्यांचंही लिहिलं आहे. शुक्रवारी सकाळी ते देईन आणि दुपारी खिडकीवर दुसरं कुणीतरी असेल. ते कोण असेल, त्याला कुणी काही सांगितलेलं असेल की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. गुरुवारपर्यंत मात्र खिडकी माझी आहे. म्हणून हे पत्र टपालात न टाकता बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय. गुरुवारी पहिल्या बसने ये. भावोजींना शिलाईच्या दोऱ्याचं कारण सांग. येताना फक्त तुझं ओळखपत्र आण, बाकी काही नको, कुणाचं काही नको. तू लिहिलेल्या तारखेप्रमाणे नववा आठवडा चालू आहे, म्हणजे वेळ आहे. डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न सांगता विचारून ठेवलंय. इथे हत्यारं उकळलेली असतात, दिवा असतो, बाई शुद्धीवर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. येता येता मन बदललं आणि ठेवावंसं वाटलं तर तसं सांग, मी तुला परतीच्या बसमध्ये बसवून देईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण त्या बाईच्या दारात जाऊ नकोस. खिडकीपाशी मी तुला ओळख दाखवणार नाही, बाकावरच्या बायका फार चौकस असतात. नाव विचारीन, वय विचारीन, आणि तू सही केलीस की शिक्का मारून म्हणेन, आत जा बाई, अर्ज पूर्ण आहे.

तुझाच,
धाकटा