शिंकं हाताशी आलं

प्रिय आक्का,

आज हसनभाई गवंडी माळवदावरून खाली उतरले आणि चहा न घेताच गेले. तुम्ही असता तर एवढ्यावरूनच ओळखलं असतं. मला मात्र कुणाशी तरी बोलायला हवं, आणि या घराबद्दल तुमच्याशिवाय कुणाशी बोलू? वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून शिकलेली माझी अक्षरं. तुम्ही त्यांना मुंगळे म्हणायच्या. आज तेच मुंगळे तुमच्याकडे धाडते.

आठवतं का, मागच्या दिवाळीला तुमचा दत्तू साखर कारखान्यावरून आला होता? दोघी विधवा जावा, वयं झालेली, एकट्या कशा राहणार म्हणून आपल्याला त्याच्या क्वार्टरमध्ये न्यायला. तुम्ही त्याला घरभर फिरवलंत, जसं काही गिऱ्हाईकच आलंय. उंबरा बोटभर, पायरी एकच, शेजार हाकेवर. शेवटी मला म्हणालात, "गोदे, दाव गं त्याला शिंकं." मी नुसता हात वर केला आणि लोण्याचं मडकं उतरवलं. नवी नवरी होते तेव्हा त्यासाठी पाटावर चढावं लागायचं.

"बग," तुम्ही त्याला म्हणालात, "आमी म्हाताऱ्या झालो तसं घर बी वाकलं आमच्यासाठी. तुजी क्वार्टर वाकल का?"

दत्तू हसला आणि एकटाच परत गेला. किती खूश होतो आपण!

आक्का, शिंक्याला लोखंडी साखळी आहे. दोर असता तर ताणला म्हटलं असतं. माझी पाठ वाकली, मी चार बोटं खुजी झाले, आणि तरी शिंकं हाताशी येतं! ते ज्या तुळईला टांगलंय तीच खाली आली, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात येऊ नये?

नाही, तुमच्या आलं होतं. माघात तापानं पडलात तेव्हा नजर सारखी वर. "तुळई खाली आलीया, गोदे. तू तिकडं नीज." मला वाटलं ताप डोक्यात गेला. कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि तुमच्या खाटेला खाट लावून तिथंच निजले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. एवढं कळत होतं तर रागवायचं होतं ना मला! भाकरी करपली तर घर डोक्यावर घ्यायच्या.

घर डोक्यावर! बघा, काय लिहून गेले.

दर वैशाखात माळवदावर नवी पांढरी माती पडायची. आपण निजायचो त्या कोपऱ्यावर तुम्ही चार पाट्या जास्त टाकायला लावायच्या. धाकटीला गारठा बाधतो, तिच्यावर थेंब पडायला नको, म्हणून. जुनी माती काढा, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. मीही नाही. मला त्या चार पाट्यांचं भारी कौतुक होतं.

आज हसनभाईंनी वरून गज खुपसला तर दीड हात आत गेला. "आजी, डोक्यावर छप्पर न्हाई, वावर हाय तुमच्या," म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनी तुळईत खिळा दाबला, तो भिजल्या भाकरीत जावा तसा गेला. सगळी वाळवी.

"कोरडी हाय तवर हुबी हाय," म्हणाले. "माती भिजली म्हंजी..." आणि खिळा खिशात टाकला.

परवा दोन गडी घेऊन माती उतरवतो म्हणालेत. उद्या जमायचं नाही, गावातले धडधाकट हात सगळे दुष्काळी कामावर खडी फोडताहेत. तुळईला टेकू देऊन भागत असेल तर राहीन, नाहीतर दत्तूकडे जाईन, असं मी ठरवलंय. रागावू नका. घर आपल्यासाठी वाकलं म्हणालात, आक्का, पण ते आपल्या ओझ्यानं वाकलं होतं.

दुपारपासून मावळतीला ढग चढताहेत. इतक्या दिवसांनी! सगळं गाव ओट्यावर येऊन मान वर करून बसलंय. शेजारीण ओरडून म्हणाली, "गोदाआजी, आलं बरं का!" मी मान डोलावली. गाव रोज मारुतीला नारळ फोडतंय, आणि मी एकटी मनात म्हणतेय, बाबा, दोन दिवस थांब. हे पाप कुणाला सांगू?

सकाळपासून मधलं दार चौकटीत घासतंय. काल घासत नव्हतं.

माझी खाट मी गोठ्यात, पत्र्याखाली आणलीय. बैल छावणीवर गेल्यापासून तो रिकामाच आहे. तुमची खाट मात्र आत राहिली, अगदी तुळईखाली, वर तुमची गोधडी. तुमच्या लुगड्यांची, तुमच्या टाक्यांची. इथून दिसतेय. ढग पार पिंपळापर्यंत आले. मन म्हणतं, चारच पावलं, घेऊन येऊ.

नाही, आक्का. तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकते. तुमची शपथ, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. गोधडी तुमची, तुम्हीच सांभाळा.

मी तिकडंच निजते.

तुमची धाकटी,
गोदा